तळटीप : झिजलेला पाइप आणि भूकंप

मूळ लेखकाने ‘झिजलेला पाइप भूकंपात फुटणारच’ असे गृहीत धरले आहे. ते पुरते खरे नाही. आधाराला घेतलेला जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रातला पाइप (9 ऑगस्ट 2004) 10 मिलिमीटरवरून काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाला होता आणि तो फुटून पाच कामगार दगावले. पण तिथे भूकंप नव्हता, आतल्या पाण्याचा अखंड दाब होता. भूकंपाचा भार उलटसुलट आणि थोडा वेळच टिकणारा. चिवट पोलाद वाकून तो बराचसा पचवते. हादऱ्यांच्या चाचण्यांत पाइप सहसा कोसळत नाही, एल्बोच्या (वळणाच्या तुकड्याच्या) कुशीला भेग पडून गळू लागतो. मग झीज चालवून घ्यावी का? मुळीच नाही. ती एल्बोवरच असेल तर ताण तिथेच एकवटतो, भेग कमी हेलकाव्यांत पडते. सरळ भागाची जाडी मोजून एल्बोवरची झीज कळत नाही.