कामाच्या ठिकाणचे मूल्यमापन आणि व्यक्तिगत नियोजन : ब्रिटिश प्रयोगाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

हातात कसब आहे पण कागद नाही, अशी माणसे प्रत्येक समाजात आढळतात. त्यांचे कौशल्य कोणी, कोठे आणि कशाच्या आधारे तपासावे, हा व्यावसायिक शिक्षणाच्या इतिहासातील जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनने त्याला जे उत्तर दिले, त्याचा प्रभाव पुढे भारताच्या कौशल्यविकास धोरणावरही पडला. प्रस्तुत लेखात त्या उत्तरातील एका दुर्लक्षित अंगाचा, म्हणजे प्रत्येक प्रशिक्षणार्थीसाठी स्वतंत्रपणे करावयाच्या मूल्यमापनाच्या नियोजनाचा, विचार केला आहे.

मुदतीकडून परीक्षेकडे

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने उमेदवारीची किमान मुदत सात वर्षे ठरविली. कायद्याचा भर उमेदवाराने किती वर्षे काढली यावर होता. त्याला काय येते यावर नव्हता. १८१४ मध्ये ही सक्ती रद्द झाली. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी अँड गिल्ड्स या संस्थेने तांत्रिक परीक्षांची पद्धत रुजविली. त्यामुळे ज्ञान तपासले जाऊ लागले, परंतु काम करता करता शिकलेला आणि लेखी परीक्षेला बिचकणारा कारागीर मागेच राहिला.

१९८६ नंतरचा बदल

१९८६ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता परिषद स्थापन झाली आणि ‘एनव्हीक्यू’ ही पात्रता-पद्धती आकारास आली. उमेदवार कोठे व किती काळ शिकला हे येथे गौण होते. ठरलेल्या मानकानुसार तो प्रत्यक्ष काम करू शकतो काय, एवढेच पाहावयाचे होते. त्यासाठी प्रत्येक व्यवसायाचे घटक पाडून त्यांचे निकष लिहिले गेले.

परीक्षागृह नाहीसे झाल्यावर परीक्षेची तारीख, जागा आणि प्रश्नपत्रिका यांचे काय, असा प्रश्न निर्माण झाला. नियोजन हे त्याचे उत्तर होते. मूल्यमापकाने उमेदवाराबरोबर बसून कोणते घटक, कोणत्या कामातून, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने तपासावयाचे ते ठरवावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्ष निरीक्षण, तोंडी प्रश्न, तयार झालेली वस्तू, सहकाऱ्याची साक्ष आणि पूर्वीच्या कामाचा पुरावा ही त्याची साधने होत. मूल्यमापकांच्या स्वतःच्या पात्रतेतही या कौशल्याचा समावेश होता. २००२ मध्ये आलेल्या ‘ए-१’ या घटकाचा पहिलाच भाग उमेदवारासह मूल्यमापनाची योजना आखण्याविषयी होता.

वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या सेविकेचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. मूल्यमापक दिवसा आला तर तिचे खरे काम त्याला दिसणारच नाही. वृद्धांना स्नान घालताना त्याने उभे राहणे त्यांच्या प्रतिष्ठेला बाधक ठरेल, म्हणून तेथे वरिष्ठ परिचारिकेची साक्ष घ्यावी लागते. तिला लिहिण्याची अडचण असल्यास तोंडी प्रश्न विचारावे लागतात. निकष सर्वांना एकच असतात, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट व्यक्तीनुसार बदलते. योजना आखण्याचे मर्म यातच आहे.

टीका आणि उलट प्रवाह

व्यवहारात मात्र या पद्धतीत दोष शिरले. १९९३ मध्ये ॲलन स्मिदर्स यांनी सैद्धांतिक ज्ञानाच्या उपेक्षेवर टीका केली. १९९६ च्या बोमाँट अहवालाने निकषांच्या क्लिष्ट भाषेवर बोट ठेवले. पुराव्यांच्या फाइली फुगत गेल्या आणि योजना हा संवाद न राहता भरावयाचा तक्ता बनू लागला. २०१२ च्या रिचर्ड अहवालाने उमेदवारीच्या शेवटी स्वतंत्र यंत्रणेकडून मूल्यमापन व्हावे अशी शिफारस केली. म्हणजे लंबक पुन्हा अंतिम परीक्षेकडे झुकला.

भारतीय संदर्भ

भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील प्रशिक्षणाला चौकट दिली. तिच्या अखेरीस व्यवसाय परीक्षा असे. २००७ मध्ये सुरू झालेल्या कौशल्यविकास उपक्रमात अनौपचारिक रीतीने शिकलेल्यांनाही चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळविण्याची सोय झाली. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, आणि २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वार्जित कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद झाली. व्यावसायिक मानके आणि त्यांचे घटक ही ब्रिटिश परिभाषा येथेही रूढ झाली.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे स्वयंरोजगारातील मोठे प्रमाण दाखवून दिले होते. विणकर, जरीकाम करणारे, गॅरेजमधील मिस्त्री, सुतार यांपैकी अनेकांचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली झालेले असते. अशा कारागिराला शिबिरात बोलावून, अनोळखी हत्यारे देऊन, मर्यादित वेळेत तपासले, तर त्याचे कसब दिसेलच असे नाही. त्याच्याच मागावर, त्याच्याच बोलीत, उस्तादाची साक्ष जमेस धरून केलेली तपासणी अधिक न्याय्य ठरते. मात्र उस्ताद आपल्या माणसाला झुकते माप देण्याचा संभव असल्याने त्या साक्षीची पडताळणी बाहेरच्या मूल्यमापकाने करणेही तितकेच आवश्यक आहे.

समारोप

मुदत मोजणे सोपे असते आणि एका दिवसाची चाचणी स्वस्त पडते. व्यक्तिगत नियोजनाला मात्र वेळ, प्रशिक्षित मूल्यमापक आणि पैसा लागतो. ब्रिटनमध्ये ते कागदी बनले तेव्हा त्याचा मूळ हेतूही हरवला. तरीही आपली परीक्षा कशी होणार हे आधी समजणे व त्याविषयी बोलता येणे, हा कामकऱ्याचा हक्क आहे, ही जाणीव त्या प्रयोगाने दिली. कारागीर समाजांत काम करणाऱ्या शिक्षणसंस्थांनी प्रमाणपत्रांच्या संख्येबरोबर या हक्काचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.