तेन्नो नो र्‍योरिबान

तेन्नो नो र्‍योरिबान : (सम्राटाचा आचारी). जपानी ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिका. ‘टीबीएस’ वाहिनीच्या हीरक महोत्सवानिमित्त 26 एप्रिल ते 12 जुलै 2015 या काळात दर रविवारी रात्री तिचे 12 भाग प्रसारित झाले. सुगिमोरी हिसाहिदे यांच्या याच नावाच्या कादंबरीवर ती आधारलेली असून पटकथा मोरिशिता योशिको यांची आहे.

नायक अकियामा तोकुझो (1888–1974) या खऱ्या पाककर्मीवर बेतलेला आहे. फुकुई प्रांतात जन्मलेल्या अकियामांनी 1909 मध्ये युरोप गाठून पॅरिसमध्ये फ्रेंच पाककलेचे शिक्षण घेतले. 1917 मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, ते राजवाड्याच्या मुदपाकखान्याचे प्रमुख झाले आणि तैशो व शोवा या दोन सम्राटांच्या सेवेत 1972 पर्यंत राहिले.

मालिकेची सुरुवात 1904 मध्ये होते. कशातच मन न रमणारा उनाड तोकुझो कोंबू नावाच्या समुद्रशैवालाच्या व्यापाऱ्याकडे घरजावई असतो. साबाए येथील लष्करी छावणीत चाखलेल्या कटलेटने तो झपाटतो, पत्नी तोशिकोला सोडून टोकियोला पळतो आणि उमरावांच्या क्लबात भांडी घासण्यापासून उमेदवारी सुरू करतो. मुख्य आचारी उसामी त्याला शिस्त लावतो, तर क्षयाने खंगलेला थोरला भाऊ शूतारो आपला वारसा त्याच्या पॅरिसच्या शिक्षणासाठी देऊ करतो. तैशो सम्राटांच्या 1915 च्या राज्यारोहणाची मेजवानी, तिच्यातील क्रेफिशचे सूप आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांची सरबराई हे उत्तरार्धातील प्रमुख प्रसंग होत. कादंबरीप्रमाणेच मालिकेतही कौटुंबिक कथानकाला बरीच कल्पिताची जोड आहे. नायकाचे नावही मूळ व्यक्तीहून वेगळ्या चिनी अक्षरांत लिहिले जाते.

सातो ताकेरु (तोकुझो), कुरोकी हारु (तोशिको), कोबायाशी काओरु (उसामी) आणि सुझुकी र्‍योहेइ (शूतारो) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. सातोने चित्रीकरणापूर्वी पाककलेचा सराव केला; सुझुकीने रुग्णाच्या भूमिकेसाठी सुमारे 20 किलो वजन घटवले. स्वयंपाकघरातील हुद्द्यांची उतरंड, सुरी चालवण्याचा सराव आणि दमछाक करणारी कामे मालिका सविस्तर दाखवते. त्यामुळे राजदरबाराच्या वैभवापेक्षा उमेदवारीच्या कष्टांचे चित्रण तिच्यात अधिक ठसठशीत उतरले आहे.

याच कादंबरीवर टीबीएसने याआधी 1980 मध्ये साकाई मासाआकी यांना घेऊन मालिका केली होती, तर 1993 मध्ये ताकाशिमा मासानोबु यांनी नायक साकारला होता. 2015 च्या आवृत्तीला त्या वर्षीच्या टोकियो ड्रामा पुरस्कारांत मालिका विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.