अंधारातील पायरी : लैंगिक शिक्षणाचा मराठी वारसा

काशीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. याच घाटाच्या पायरीवर पहाटेच्या अंधारात कबीर आडवे झाले, अशी आख्यायिका आहे. विणकराच्या घरातील या मुलाला उघडपणे दीक्षा मिळणे कठीण होते. स्नानास निघालेल्या रामानंदांचा पाय त्यांना लागला, स्वामींच्या मुखातून रामनाम निघाले आणि तोच कबीरांचा गुरुमंत्र ठरला. ज्ञानाचे दार बंद झाले तरी जिज्ञासा थांबत नाही, ती अंधारात वाट पाहते. कबीरांना तेथे गुरू भेटले. प्रत्येकाचे भाग्य तसे नसते.

याच काशीत १५७३ साली संत एकनाथांनी ‘एकनाथी भागवत’ पूर्ण केले. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणल्याबद्दल पंडितांचा रोष ओढवला, असे परंपरा सांगते. आपल्या भाषेत समजावून घेण्याचा अधिकार मराठी माणसाला सहजासहजी मिळालेला नाही.

शरीराविषयीच्या ज्ञानाची कथाही हीच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथराव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले; पुढे या कार्यापायी नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचक विचारत, ते स्पष्ट मराठीत उत्तर देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, वाचकांचे प्रश्न मात्र उरलेच.

पुढे २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शालेय लैंगिक शिक्षणाच्या तत्कालीन कार्यक्रमास विरोध केला. त्याच सुमारास मोबाइल घरोघर पोहोचत होता. आमच्या पिढीत प्रजननसंस्थेचा धडा बहुधा ‘घरी वाचा’ म्हणून उरकला जाई. आज तोच प्रश्न मूल रात्री पडद्याला विचारते. पडदा उत्तर देतो. पण खरे-खोटे सांगत नाही, संमतीचा अर्थ शिकवीत नाही आणि पाठविलेले छायाचित्र परत येत नाही, हेही बजावीत नाही.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात एक साधा संकल्प करावासा वाटतो. वर्गात निनावी प्रश्नांची पेटी असावी. प्रशिक्षित शिक्षकांनी व डॉक्टरांनी वयानुरूप उत्तरे द्यावीत. अवयवांची नावे संकोचाविना मराठीत उच्चारली जावीत. फसवणूक वा धमकी आली तर न घाबरता कोणाकडे जायचे, हे प्रत्येक मुलामुलीस ठाऊक असावे. पालकांची सभाही याच विषयावर व्हावी. कारण पहिला प्रश्न घरीच विचारला जातो आणि पहिले ‘गप्प बस’ही घरीच ऐकू येते.

आपली मुले अंधारातील पायरीवर उभी आहेतच. तेथे त्यांना प्रथम कोण भेटणार, एवढेच आपल्या हाती आहे.