परवचा, बाळगोळी आणि भोंगा

लहान मुलें कशांत रमतात हें पाहून वडील मंडळींनीं चिंता करावी, ही रीत आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत कादंबरीनें तरुण बिघडतात अशी ओरड होती. १९२७ सालीं सरकारनें चित्रपटांच्या चौकशीसाठीं दिवाणबहादुर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली, तेव्हां चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम हाहि तिच्या विचाराचा एक विषय होता. यावरून कित्येक सुशिक्षित असा निष्कर्ष काढतात कीं, मोबाइलविषयींची आजची तक्रारहि तशीच विरून जाईल. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. कादंबरी वाचावयास अक्षरओळख लागे. चित्रपट पाहावयास तिकीट लागे, आणि खेळ संपला म्हणजे घरीं परतावें लागे. हातांतील पडद्याला यांपैकीं कांहींच लागत नाहीं. दोन वर्षांचें मूल तो बोटानें चालवितें, आणि त्यावरचा खेळ कधींच संपत नाहीं. म्हणून आजचा प्रश्न करमणुकीचा नसून वेळेचा आहे. मुलाच्या दिवसावर सत्ता कोणाची?

आपल्याकडे या सत्तेचें जुनें चिन्ह म्हणजे परवचा. दिवेलागण झाली कीं मुलांनीं हातपाय धुऊन देवापुढें बसावें, शुभंकरोति म्हणावें, आणि मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी करावी. १९५७ सालीं दशमान नाणीं आल्यावर त्यांतील गणिताचा उपयोग बराच कमी झाला. परंतु परवच्याचा खरा गुण गणितांत नव्हता. त्या घटकेला घरांतील वडील माणूस ओसरीवर बसलेलें असे; पाढा त्याच्या कानावर पडे, आणि चूक झाली तर तें ती तेथल्या तेथें सुधारी. मूल व मोठें माणूस एकाच दिव्याच्या उजेडांत असत. अर्थात् या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. ही शिस्त मुख्यतः पांढरपेशा घरांतील मुलग्यांची होती. निजामी अमदानींत, म्हणजे १९४८ पर्यंत, भोकरसारख्या भागांतील शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या बहुतेक मुलांच्या वाट्यास शाळाच आली नाहीं.

टेलिव्हिजन आला तेव्हां अन्य देशांतहि हाच संध्याकाळचा प्रहर वादाचा झाला. इंग्लंडांत सायंकाळीं सहा ते सात हा तास प्रक्षेपण बंद ठेवीत. हेतु असा कीं आईबापांनीं तेवढ्यांत लहानग्यांस निजवावें. १९५५ सालीं जाहिरातींवर चालणारी खासगी वाहिनी निघाली. तिला तो रिकामा तास परवडेना, आणि १६ फेब्रुवारी १९५७ रोजीं तो भरून टाकण्यांत आला. मुलांच्या झोपेनें त्या तासाचें रक्षण केलें होतें. जाहिरातीच्या उत्पन्नानें तो जिंकून घेतला. आइसलंडांत मात्र १९८७ पर्यंत गुरुवारीं टेलिव्हिजन बंदच असे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेंहि आरंभीं दिवसाचे थोडे तासच चाले. प्रक्षेपण थांबलें कीं पडदा आपोआप काळा होई. आईबापांना जें करवत नसे, तें घड्याळ करी.

हें घड्याळ मोबाइलनें मोडलें. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट खेड्यापाड्यांच्या आवांक्यांत आलें. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि राज्यांत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम निघाला. काल ज्या वस्तूला हात लावला म्हणून मुलाला धपाटा मिळत होता, तीच वस्तु शाळेच्या नांवानें त्याच्या हातीं देण्यांत आली. त्या वेळीं दुसरा उपाय नव्हता हें खरें. परंतु शाळा पुन्हां उघडल्यावर ती परत घेण्याचा मुहूर्त कोणीच काढला नाहीं.

तो मुहूर्त सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचे वडगांव येथें निघाला. सुमारें तीन हजार वस्तीचा हा गांव, बहुतेक शेतकरी व साखर कारखान्यांतील कामगार यांचा. शाळा भरूं लागल्यावर मुलें मोबाइलला खिळलेलीं शिक्षकांस आढळलीं. सरपंच विजय मोहिते यांनीं विषय गांवापुढें मांडला, आणि १४ ऑगस्ट २०२२ रोजीं ठरलें कीं, रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, घरोघर टेलिव्हिजन व मोबाइल बंद व्हावेत, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंदच राहावेत. पुरुषांनीं आधीं ही कल्पना हंसण्यावारी नेली. मालिकांत आपलाहि वेळ जातो असें कबूल करून बायकांनीं ती उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील बांशी या गांवानें दुसरी वाट धरली: अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदी. दोन्हीं गांवांची तळमळ सारखीच. परंतु ठरावांत मोठा भेद आहे. बांशीनें मुलांना बांधलें. वडगांवानें दीड तासापुरतें मोठ्यांनाहि बांधून घेतलें. परवच्याचें तत्त्व दुसऱ्या ठरावांत अधिक आहे.

येथवरची गोष्ट अभ्यास करणाऱ्या मुलांची झाली. ज्यांना अभ्यासच नाहीं, अशा दोनचार वर्षांच्या लेंकरांचें काय? त्यांच्यासाठीं इतिहासांत आणखी एक, कडू दाखला आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जातांना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. तीं मुलें दिवसभर गुंगींत पडून राहत. त्या आया क्रूर नव्हत्या. मुलाला सांभाळणारें कोणी नव्हतें, आणि रोजगार सोडला तर चूल विझे. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटली कमिशननें १९३१ च्या अहवालांत कारखान्यांना पाळणाघरें असावीं अशी शिफारस केली, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टानें पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यास तें बंधनकारक केलें. बाळगोळीवरचा उतारा उपदेश नव्हता. मूल घेऊन बसणारें माणूस हा होता.

मोबाइल म्हणजे अफू नव्हे, हें आम्ही जाणतों. ऊसतोडीला गेलेल्या बापाचें तोंड मुलाला त्याच पडद्यावर दिसतें. आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांतहि दोन वर्षांखालील मुलांस पडदा वर्ज्य सांगतांना नातलगांशीं क्वचित् होणारें असें बोलणें वगळलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठीं दिवसाला फार तर एक तासाची मर्यादा घातली. त्या सूचना मुळांत हालचाल, बैठेपणा व झोंप यांविषयींच्या आहेत, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पडदा काय दाखवितो याहून, तो मुलाचें धांवणें व झोंपणें किती खातो, याची ती चिंता आहे.

परंतु कापूसवेचणीला गेलेल्या बाईनें बांधावरच्या मुलाच्या हातीं मोबाइल दिला, तर तिला ही मर्यादा वाचून दाखविण्यांत अर्थ नाहीं. सायंकाळचा भोंगा तिच्या दुपारला पोंचत नाहीं. वडगांवांत घरोघर फिरलेल्यांत अंगणवाडी सेविका होत्या. तोच धागा पुढें न्यावयास हवा. हंगामाच्या दिवसांत अंगणवाडी मजुरिणीच्या कामाच्या वेळा धरून उघडी राहील, तेथें मुलाला खेळवणारें माणूस असेल, तर मोबाइल आपोआप घरीं राहील. ज्या गांवाला सायंकाळचे दीड तास राखतां आले, त्याला दुपारहि राखतां येईल. त्याकरितां ठरावाबरोबर थोडा पैसाहि बाजूला काढावा लागेल, इतकेंच.