एका मुलुखाची नोंद

इतिहास म्हटला कीं राजे, तह आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. शेतकऱ्याच्या घरांत काय शिजत होतें, लग्नांत कोणते विधि होत, सावकार व्याज किती घेई, हें सांगणारा ग्रंथ क्वचितच हातीं येतो. चंदगडच्या मुलुखाला असा एक ग्रंथ लाभला आहे. मात्र गॅझेटिअरच्या कोल्हापूर खंडांत तो शोधणाऱ्याची निराशा होईल. कारण चंदगड १९५६ सालापर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होतें. त्यासाठीं जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकविसावा, म्हणजे १८८४ सालचा बेळगांवचा खंड उघडला पाहिजे.

या खंडाची मांडणी पाहण्यासारखी आहे. आधीं डोंगर, नद्या व पाऊस. नंतर एकेका जातीचें घर, अन्न, पेहराव आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संस्कार. पुढें शेती, सावकारी, व्यापार, राजघराणीं, न्याय, शाळा व रोगराई. राजांच्या शेजारीं नांगरालाही जागा मिळाली आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानें हा जिल्हा इतका पोळला कीं, १८७२ च्या शिरगणतीपेक्षां १८८१ ची लोकसंख्या कमी भरली. असंख्य घरांचें दुःख त्या कोरड्या आंकड्यांत सांठलेलें आहे.

तुलनेसाठीं युरोपांतील स्लोव्हेनियाकडे पाहूं. तेथील यानेझ वाल्वासोर या सरदारानें आपल्या कार्निओला प्रांताचें वर्णन १६८९ सालीं न्यूरेंबर्ग येथें छापविलें. चार खंड, साडेतीन हजारांवर पृष्ठें आणि पांचशेंवर चित्रें! ऋतुमानाप्रमाणें भरणाऱ्या व आटणाऱ्या चेर्कनित्सा सरोवरापासून खेडुतांच्या पोशाखापर्यंत सारें त्यांत आलें. आपली नोंद इंग्रजींत झाली, तशी त्याची जर्मन भाषेंत झाली. परंतु तो त्याच भूमीचा पुत्र होता. आपला प्रांत तो स्वतः हिंडला. आणि ग्रंथाच्या खर्चापायीं वाडा व ग्रंथसंग्रह विकून १६९३ सालीं विपन्नावस्थेंत वारला.

गॅझेटिअरची माहिती कलेक्टर व त्यांच्या हाताखालचे अंमलदार यांनीं जमविली. कारभाराला जें हवें, तें आधीं विचारलें गेलें. म्हणून तेथें माणसें दिसतात, पण त्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं. ताम्रपर्णीच्या कांठची मराठी, कोंकणी व कानडी यांच्या संगमांतून घडलेली बोली, रवळनाथाविषयींच्या आख्यायिका, पारगडावर तानाजीपुत्र रायबा मालुसरे यांच्याविषयीं सांगितल्या जाणाऱ्या कथा, हें धन सरकारी प्रश्नावलींत मावणारें नव्हे.

नारायण गोविंद चापेकरांनीं १९३३ सालीं ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहून आपल्या गांवाची पाहणी मराठींत कशी करावी याचा कित्ता घालून दिला. श्रोत्यांपैकीं कोणी चंदगडकडचे असतील, तर त्यांनीं १८८४ चा खंड हातीं घेऊन गांवीं जावें आणि त्यांत काय राहून गेलें, हें घरांतील वृद्धांना विचारावें. त्यासाठीं वाडा विकावा लागत नाहीं. मात्र वृद्ध माणसें आपल्या सवडीची वाट पाहत थांबत नसतात.