'चेक' : पटावरून बँकेत

बँकेत चेक भरायचा, अंगात चेक्सचा शर्ट घालायचा, विमानतळावर 'चेक-इन' करायचे, हद्दीवरच्या चेकनाक्यावर थांबायचे आणि चाळिशी उलटली की 'चेकअप' करून घ्यायचे. इंग्रजीतील या एका उच्चाराचे इतके अर्थ आपण रोज वापरतो की, त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात या साऱ्यांचे मूळ एकच आहे, आणि ते बुद्धिबळाच्या पटावर सापडते.

भारतातील चतुरंग हा खेळ इराणात गेला, तेव्हा तिथे राजाला 'शाह' म्हणू लागले. (हा 'शाह' आणि संस्कृतातील 'क्षत्र' एकाच धातुकुळातले.) राजावर हल्ला झाला की खेळाडू 'शाह' असा पुकारा करीत असे. अरबांमार्फत खेळ युरोपात पोहोचला, लॅटिनमध्ये या शब्दाचे 'स्काकस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक'. खुद्द 'चेस' हे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलेले. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'; येथे 'मात' म्हणजे 'मेला' असा अर्थ सर्रास सांगितला जातो, परंतु फारसीत त्याचा अर्थ 'निरुपाय झालेला' असा होतो आणि तोच खेळाला अधिक जुळतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही. मराठीने 'शह' आणि 'मात' हे शब्द फारसीकडून थेट घेतले. म्हणजे 'शह' आणि 'चेक' ही एकाच घराण्यातील भावंडे. एक दक्षिणेकडे आले, दुसरे पश्चिमेला गेले.

शह बसला की राजाची चाल अडते. त्यावरून 'चेक'ला अडवणे, आवर घालणे हा अर्थ आला आणि अडवून पाहणे म्हणजे तपासणे, हा त्यापुढचा.

चौकड्यांची कथा याहून रंजक आहे. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजण्यासाठी सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद मेज वापरीत आणि त्यावर रेघांनी चौकटी पाडलेले कापड अंथरीत. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे डोकेदुखीच. शून्यासह आपले अंक तिथे अद्याप रुळले नव्हते. म्हणून पेन्स, शिलिंग, पौंड अशा रकान्यांत सोंगट्या सरकवून हिशेब होई. समोर बसे तो जिल्ह्याजिल्ह्यातून वसूल घेऊन आलेला शेरिफ. त्या काळच्या खजिनदाराने लिहिलेल्या ग्रंथात या प्रसंगाची तुलना बुद्धिबळाच्या डावाशीच केली आहे. त्या मेजावरून सरकारी खजिन्याला 'एक्सचेकर' हे नाव पडले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. चेक्सचा शर्टही याच पटाचा वारस.

आता बँकेतील चेक. अठराव्या शतकात 'चेक' हे नाव आधी स्थळप्रतीला होते. लबाडी झाल्यास पडताळणी करता यावी, हा तिचा हेतू. पुढे ते नाव मूळ कागदालाच चिकटले. इंग्रजांनी 'एक्सचेकर'च्या धर्तीवर शेवटी 'क्यू-यू-ई' जोडून त्याला भारदस्त केले. अमेरिकेत मात्र जुने 'सी-के' कायम राहिले. तिथे हॉटेलच्या बिलालाही 'चेक'च म्हणतात. आपण ब्रिटिश वर्णलेखन स्वीकारले, कारण १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम त्याच भाषेत घडला. याच कायद्यात नंतर घातलेले १३८ वे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले आणि खात्यात पैसे नसताना दिलेला चेक न वटणे हा गुन्हा ठरला. त्याला आज दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मराठी 'धनादेश' हा शब्द अर्थाने अधिक नेमका आहे. त्यात तपासणीचा मागमूस नाही, पैसे देण्याची आज्ञा तेवढी आहे. तरी बोलण्यात तो फारसा उतरला नाही, हेही खरे.

राहिला चेक प्रजासत्ताकातला 'चेक'. त्याचा या घराण्याशी काडीचाही संबंध नाही. ते स्लाव लोकांच्या एका जमातीचे नाव आहे.