तळटीप १२ : कुमुद पावडे

१२. कुमुद पावडे (१९३८–२०२३), माहेरच्या सोमकुवर, नागपूरच्या. लेखकाने वर त्यांच्या 'अंतःस्फोट'ला (१९८१) आत्मचरित्र म्हटले आहे, ते सैलपणे. पुस्तक लेखांचे आहे. स्वतःचे अनुभव सांगता सांगता जातिव्यवस्थेची झाडाझडती घेणारे. त्यातला संस्कृत शिकण्यावरचा लेख आवर्जून पाहावा. महार घरातली मुलगी संस्कृतात एम.ए. झाली, कौतुक झाले, पण सोमकुवर आडनावाला नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाह होऊन पावडे हे आडनाव लागले आणि नेमणूक झाली. पदवी तीच, बाई त्याच! पुढे त्यांनी संस्कृतच शिकवले. लेखाचा इंग्रजी अनुवाद अर्जुन डांगळे संपादित 'पॉयझन्ड ब्रेड'मध्ये (१९९२) आहे. मराठी वाचकाने मात्र मूळच वाचावा.